गंगापूर धरणाच्या काठावरचा मुक्काम: तंबू, कॅम्परव्हॅन आणि सांडपाण्याचा प्रश्न

गंगापूर धरणाच्या फुगवट्याभोवती, गिरणारे, गंगावऱ्हे आणि सावरगाव या पट्ट्यात, तंबूंचे अनेक मुक्कामतळ उभे राहिले आहेत. नाशिक शहरातून तेथे तासाभराच्या आत पोहोचता येते, वाटेत द्राक्षबागा आणि वायनरी लागतात, आणि शनिवारी संध्याकाळी मुंबई-ठाण्याकडच्या गाड्यांची रांग याच रस्त्यावर दिसते. त्यांपैकी एका तळावर आम्ही पती-पत्नी भाड्याची कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन हिवाळ्यात राहिलो आणि उन्हाळ्यात पुन्हा गेलो. माझे मत आधीच सांगून टाकतो. जागा राहण्याजोगी आहे, मालक कष्टाळू आहे, शौचालयाची व्यवस्था या भागातील इतर तळांपेक्षा निश्चितच बरी आहे, परंतु स्वयंपाकाचे आणि अंघोळीचे सांडपाणी ज्या दिशेने सोडले आहे ती दिशा बदलल्याखेरीज या तळाला मी उत्तम म्हणणार नाही.

तळाचे नाव मी येथे देत नाही. नाव दिले असते तर वाचकांचे लक्ष एका मालकावर खिळले असते, आणि मला तर या प्रकारच्या मुक्कामाचेच परीक्षण करायचे आहे. जे गुण-दोष मला येथे दिसले ते थोड्याफार फरकाने आसपासच्या बहुतेक तळांवर आढळतात. माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, त्यामुळे कोठेही मुक्कामाला गेलो की सूर्यास्त कोणत्या बाजूला दिसतो हे पाहण्याआधी पाणी कोठून येते आणि वापरलेले पाणी कोठे जाते हे मी पाहतो. गंगापूरच्या काठावर तर हा प्रश्न सोडून बाकी काही पाहणे मला योग्य वाटत नाही, कारण नाशिक शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग याच धरणातून उचलला जातो. शिवाजीनगर आणि बारा बंगला येथील जलशुद्धीकरण केंद्रांतून जे पाणी सकाळी आपल्या नळाला येते, तेच पाणी आदल्या संध्याकाळी तंबूच्या समोर चमकत असते.

जागेविषयी प्रथम सांगतो. तळ खासगी शेतजमिनीवर आहे आणि तंबूंची रांग धरणाच्या पूर्ण भरलेल्या पातळीच्या वरच्या अंगाला आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. पाणी ओसरले की उघडी पडणारी गाळपेर जमीन ही बुडीत क्षेत्रात मोडते व ती जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. तरीही अनेक ठिकाणी तंबू पाण्याच्या मागोमाग खाली सरकत जातात आणि जाहिरातीत त्यालाच ‘पाण्याला लागून मुक्काम’ असे म्हटले जाते. ऑक्टोबरात घेतलेली छायाचित्रे पाहून मे महिन्यात जाणाऱ्या कुटुंबाला पाण्याऐवजी भेगाळलेला गाळ दिसतो आणि पाण्यापर्यंत बरेच अंतर उन्हात चालावे लागते. आमच्या तळाच्या मालकाने उन्हाळ्यातही तंबू जागचे हलवले नव्हते आणि दूरध्वनीवरच त्याने स्पष्ट सांगितले की पाणी आता लांब गेले आहे. असा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे म्हणून त्याची नोंद आवर्जून करतो.

गाड्यांसाठी मुरूम टाकून दाबलेल्या काही जागा आहेत. कॅम्परव्हॅनसाठी सपाट जमीन ही चैनीची बाब नाही. गाडी एका बाजूला कलली की पाण्याच्या टाकीतील पाणी एका कोपऱ्यात जमते, सांडपाण्याचा निचरा अर्धवट होतो आणि झोपताना डोके खाली राहते. येथील उतार इतका मंद होता की पुढच्या एका चाकाखाली फळी ठेवल्यावर गाडी समतल झाली. फाटकापासून आतपर्यंतच्या रस्त्यावर विजेच्या तारा मात्र खाली लोंबत आहेत. आमची गाडी फोर्स ट्रॅव्हलर या मिनीबसवर बांधलेली होती आणि छतावरील वातानुकूलन यंत्रामुळे तिची उंची आणखी वाढली होती, त्यामुळे मालकाच्या मुलाने लांब काठीने तार उचलून धरल्यावरच ती आत गेली. ओल्या हवेत हा प्रकार धोक्याचा आहे आणि एक जादा खांब उभारला की तो संपेल.

गाडी भाड्याने घेताना आम्ही ती कॅम्परव्हॅन म्हणूनच नोंदलेली आहे याची खात्री करून घेतली होती. प्रवासी गाडीतील आसने काढून स्वतःच्या मनाने पलंग, सिलिंडर आणि टाक्या बसवणे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाही. नोंदणी प्रमाणपत्रात जे लिहिले आहे त्याच्याशी विसंगत बदल परिवहन विभागाच्या संमतीशिवाय करता येत नाहीत.

आता मुख्य विषयाकडे वळतो. तळाला पाणी शेतातील विहिरीचे आहे. ते उंचावरील टाकीत चढवले जाते आणि तेथून स्नानगृहे, शौचालये व स्वयंपाकघर यांना मिळते. पिण्यासाठी वेगळे जार आणले जातात. गाडीची टाकी भरण्यासाठी वेगळा नळ नव्हता, स्वयंपाकघरामागच्या नळाला नळी जोडून ती भरावी लागली. त्या नळीचे टोक एरवी जमिनीवरच पडलेले असते. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, गुंडाळून उंचावर टांगलेली आणि तोंडाला बूच लावलेली असावी ही अपेक्षा खर्चाची नाही, फक्त सवयीची आहे.

शौचालये पक्की, विटांची आहेत. त्यांचे मैलापाणी सेप्टिक टाकीत जाते आणि टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जिरते. मालकाने झाकण उघडून टाकी दाखवली. दोन कप्प्यांची टाकी होती, वायुनळी उंच नेलेली होती, आणि शोषखड्डा पाण्याच्या विरुद्ध बाजूला, चढावर काढलेला होता. हे सगळे या माणसाने कोणत्याही सक्तीशिवाय केले आहे. आसपास काही ठिकाणी फायबरच्या तयार खोल्या थेट काठाच्या उतारावर ठेवलेल्या दिसतात आणि त्यांच्याखाली केवळ एक खड्डा असतो. विहिरीपासून सुमारे साठ फुटांच्या आत शोषखड्डा काढू नये असा आपल्याकडचा अभियांत्रिकी संकेत आहे, आणि धरणाच्या काठावर तर हे अंतर मोजताना आजची पाण्याची रेषा न धरता सप्टेंबरातील भरलेल्या पातळीची रेषा धरली पाहिजे. मे महिन्यात जो खड्डा पाण्यापासून लांब भासतो, त्याच्या तळाशी पावसाळ्याअखेर भूजल येऊन टेकते. मग जिरणे थांबते आणि मिसळणे सुरू होते. शिवाय आपल्या भागातील जमीन म्हणजे वर काळी माती किंवा मुरूम आणि खाली बेसॉल्टचा खडक. काळी माती ओली झाली की पाणी शोषून घेत नाही, आणि खडकाला भेगा असल्या की मैलापाणी मातीच्या थरातून गाळले न जाता त्या भेगांतून थेट पुढे जाते. म्हणून केवळ ‘शोषखड्डा आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये. तो कोठे आहे, कोणत्या मातीत आहे आणि सेप्टिक टाकीतील गाळ गेल्या वेळी केव्हा उपसला, हे तीन प्रश्न विचारावेत. आमच्या मालकाने तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गाळ उपसणाऱ्या गाडीची पावती दाखवून दिले, आणि ती पावती पाहून मला जो आनंद झाला तो धरणावरच्या सूर्यास्तापेक्षा कमी नव्हता.

दुर्दैवाने अंघोळीच्या आणि भांडी घासण्याच्या पाण्याच्या बाबतीत तीच काळजी घेतलेली नाही. ते पाणी एका उघड्या चरातून केळीच्या आळ्यात सोडले आहे. दहा-पंधरा माणसे मुक्कामाला असतील तेव्हा केळी ते पाणी पिऊन टाकतात, परंतु शनिवारी तळ भरलेला असताना आळे तुंबते आणि जादा पाणी उताराने धरणाकडे वाहते. हिवाळ्यात हे लक्षात येत नव्हते, कारण चराचे शेवटचे टोक पाण्याखाली होते. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर त्या टोकाशी हिरव्या शेवाळाचा पट्टा आणि साबणाचा करडा थर उघडा पडलेला मी पाहिला. मालकाला ते दाखवले तेव्हा त्याने वाद घातला नाही. भांड्यांच्या पाण्यासाठी तेलकट थर अडवणारी एक छोटी टाकी, त्यानंतर खडी-वाळूचा गाळणथर आणि कर्दळ किंवा अळू लावलेला वाफा, एवढ्यावर हे काम भागते. चराचे तोंड उलट्या बाजूच्या शेताकडे वळवले तर तेच पाणी भाजीपाल्याच्या नसल्या तरी चाऱ्याच्या पिकाला उपयोगी पडेल.

कॅम्परव्हॅनने फिरणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. गाडीतील शौचालयाची टाकी, जी काढून हातात नेता येते, ती साधारण वीस लिटरच्या आसपास असते आणि दोन माणसांना दोन-तीन दिवसांत भरून जाते. ती रिकामी करण्याची स्वतंत्र जागा आम्हाला नाशिक परिसरात कोठेही मिळालेली नाही. येथे मालकाने सेप्टिक टाकीच्या तोंडाशी ती ओतू दिली. टाकीत वास दाबण्यासाठी जे द्रव घालतात त्यात फॉर्मॅल्डिहाइड असेल तर ते सेप्टिक टाकीतील जिवाणूंनाही मारते आणि मग मैला कुजण्याचे काम थंडावते. म्हणून तसे रसायन न वापरता एंझाइमचे द्रव किंवा साधे पाणी वापरावे आणि तळावर हे आधी सांगावे. रस्त्याकडेच्या ओढ्यात किंवा शेतात टाकी रिकामी करण्याचे प्रकार आता ऐकू येऊ लागले आहेत. अशा प्रवाशांना कोणत्याही गावाने पुन्हा उभे करू नये असे मला मनापासून वाटते.

मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना तेथील आरव्ही पार्क, म्हणजे अशा राहत्या गाड्यांसाठीचे मुक्कामतळ, आम्ही पाहिले आणि त्यांत राहिलोही. तेथे प्रत्येक गाडीला क्रमांक असलेली जागा मिळते, जागेशेजारी विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि बऱ्याच ठिकाणी सांडपाण्याच्या नळाचे तोंड असते, बसायला लाकडी मेज आणि शेकोटीसाठी लोखंडी कडे असते. ज्या जागांना सांडपाण्याचा नळ नाही त्यांच्यासाठी बहुधा फाटकाजवळ टाक्या रिकाम्या करण्याचे स्थानक असते. तेथे मैल्याची टाकी आधी सोडतात आणि साबणाच्या पाण्याची नंतर, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. ‘केओए’ या नावाने ओळखली जाणारी तळांची साखळी १९६२ मध्ये मोंटाना राज्यातील बिलिंग्स येथे सुरू झाली, म्हणजे तेथे या व्यवसायाला साठ वर्षांहून अधिक काळ शिस्त लागत आली आहे. ही तुलना मी नाशिकच्या शेतकऱ्याला हिणवण्यासाठी करत नाही. तेथील दर आपल्या मध्यम हॉटेलाच्या दरापेक्षा जास्त असतात आणि आपुलकी विचाराल तर ती येथे कितीतरी अधिक आहे. मला फक्त एवढेच दाखवायचे आहे की चांगल्या तळाची ओळख तेथेही निसर्गदृश्यावरून ठरत नाही, त्या खांबावरून आणि त्या नळावरून ठरते.

आणि आपल्यालाही हे नवीन नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तात्पुरती गावे वसवण्याचा जेवढा अनुभव आहे तेवढा देशात थोड्याच शहरांना असेल. तपोवनात २०१५ च्या सिंहस्थात साधुग्राम उभे राहिले, २०२७ साठी पुन्हा उभे राहील, आणि दरवर्षी त्र्यंबकेश्वराहून निघणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या पालखीच्या प्रत्येक तळावर राहुट्या, टँकर आणि मुक्कामाची व्यवस्था यांचा विचार आधीपासून होत असतो. वारकऱ्यांच्या दिंडीत पाण्याचा टँकर पुढे गेलेला असतो आणि माणसे मागून पोहोचतात. व्यावसायिक तळांनी यातून शिकण्यासारखे बरेच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले, तेव्हा शेतकऱ्याला आपल्या जमिनीवर असा तळ रीतसर नोंदवून चालवण्याची वाट मोकळी झाली. नोंदणी झालेल्या तळांवर मैला रिकामा करण्याची एक सामाईक सोय झाली तर या भागात गाडीने येणाऱ्यांची संख्या वाढेल आणि धरणही स्वच्छ राहील.

विजेची व्यवस्था समाधानकारक आहे. गाड्यांच्या जागेशेजारी सोळा अँपिअरचे तीन छिद्रांचे सॉकेट झाकणाच्या पेटीत बसवलेले आहे. आपल्याकडे २३० व्होल्टवर सोळा अँपिअर म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट होतात, आणि अमेरिकेत तीस अँपिअरच्या खांबावर १२० व्होल्टने जवळपास तेवढेच मिळतात, त्यामुळे आपला साधा गिझरचा पॉइंटही एका मध्यम कॅम्परव्हॅनला पुरेसा असतो. अट एकच, की इंडक्शन शेगडी आणि गिझर एकाच वेळी लावू नयेत. अर्थिंग तपासण्याचे छोटे यंत्र मी बरोबर ठेवतो; येथे अर्थिंग योग्य होते. गळती होताच वीज तोडणारे उपकरण मात्र पेटीत नव्हते, आणि ओल्या गवतावर अनवाणी चालणाऱ्या मुलांचा विचार करता ते असायलाच हवे.

रात्रीच्या शांततेविषयी मला संमिश्र सांगावे लागेल. आमच्या तळावर दहानंतर ध्वनिक्षेपक बंद होतो आणि मालक स्वतः फेरी मारतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे, आणि योगायोगाने अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतील तळांवर शांततेची वेळही बहुधा हीच असते. परंतु पलीकडच्या काठावरील एका तळावर मध्यरात्रीपर्यंत गाणी चालू होती आणि ती शेजारच्या तंबूत वाजत असल्यासारखी ऐकू येत होती. थंड रात्री पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज वर न जाता पुन्हा खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर पोहोचतो. म्हणजे धरणाच्या काठावर एका तळाने नियम पाळून भागत नाही. सगळ्या काठाने पाळले तरच तो पाळला जातो. शनिवार टाळून मंगळवार-बुधवारी गेल्यास हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो, असा आमचा अनुभव आहे.

याच संदर्भात भंडारदऱ्याचा उल्लेख करणे आवश्यक वाटते, कारण नाशिककरांसमोर मुक्कामासाठी हे दोनच पर्याय सहसा असतात. भंडारदरा हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, घोटीमार्गे नाशिकपासून साधारण दोन तासांवर आहे. प्रवरेवरील विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा जलाशय सह्याद्रीच्या ऐन घाटमाथ्यावर पसरला आहे. तेथील पांजरे, मुरशेत, उडदावणे, रतनवाडी या गावांत आदिवासी कुटुंबे आपल्या घराशेजारच्या खाचरात तंबू लावतात. सोयी कमी, पण यजमानाचे घर पंचवीस पावलांवर असल्यामुळे बायका-मुलांना जो विश्वास वाटतो तो गंगापूरच्या मोठ्या तळांवर वाटत नाही. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा आणि जांभूळ यांच्या झाडांवर काजवे चमकतात, त्या काळात मात्र तेथे जाऊ नये असे मी म्हणेन. गाड्यांचे दिवे आणि मोबाइलच्या विजेऱ्या यांच्या उजेडात काजव्यांच्या नर-मादीला एकमेकांचे संकेत दिसत नाहीत, आणि एका अरुंद रस्त्यावर शेकडो गाड्या अडकल्यावर गावाच्या दोन-चार शौचालयांवर जो ताण येतो त्याचे परिणाम पहाटे ओढ्याकाठी दिसतात. ज्यांना काजवे पाहायचेच असतील त्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, गाडी गावातच सोडावी, यजमानाबरोबर अंधारात पायी फिरावे आणि वनविभागाने ठरवून दिलेली वेळ पाळावी. शांत मुक्काम हवा असेल तर भंडारदरा दिवाळीनंतर, आणि थोड्या वेळात थोडी सोय हवी असेल तर गंगापूर, अशी माझी निवड आहे.

हिवाळ्यात नाशिकची थंडी हा या मुक्कामाचा सर्वांत मोठा आनंद आहे आणि त्यातच सर्वांत मोठा धोकाही आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे, डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, आणि पाण्याकाठी पहाटेची बोच आणखी वाढते. अशा वेळी काही पाहुणे कोळशाची शेगडी तंबूत नेण्याचा आग्रह धरतात. बंद तंबूत किंवा गाडीत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणूस दगावतो. आमच्या तळावर शेगडी तंबूत नेण्यास ठाम मनाई आहे आणि त्याऐवजी जादा रग दिले जातात. गाडीत स्वयंपाकासाठी पाच किलोचा सिलिंडर ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो गाडीच्या तळाशी साचतो. हवेशीर झरोका वर असून उपयोग नाही, तो खालीही हवा.

उरलेले अन्न झाकणाच्या पिंपात टाकून रात्रीच उचलले जाते, हेही मला महत्त्वाचे वाटले. गिरणारे परिसरात बिबट्याचा वावर आहे. उघड्या खरकट्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील फिशिंग ब्रिज तळावर अस्वलांमुळे कापडी तंबूंना परवानगीच नाही, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या उभ्या राहू शकतात. आपल्याकडे तशी वेळ येऊ नये असे वाटत असेल तर पिंपाचे झाकण लावणे एवढे तरी प्रत्येकाने करावे. लहान मुलांना रात्री एकटे शौचालयाकडे पाठवू नये. या तळावर त्या वाटेवर दिवे आहेत, पण मधल्या वळणावर अंधार राहतो.

स्त्रियांसाठी वेगळी, आतून कडी नीट लागणारी स्नानगृहे आहेत, गरम पाणी सकाळी बंबाचे मिळते, आणि कचऱ्याचे झाकणाचे डबे आत ठेवलेले आहेत. पत्नीच्या मते तळाची निवड करताना हा एकच परिच्छेद वाचला तरी पुरे, आणि मी तिच्याशी सहमत आहे. रविवारी सकाळी आठनंतर मात्र रांग लागते आणि स्वच्छतेकडे पुन्हा लक्ष जाईपर्यंत दुपार होते.

जेवण साधे आणि चांगले आहे. चुलीवरची बाजरीची भाकरी, मागितल्यास नागलीची, पिठले, वांग्याचे भरीत, ठेचा आणि वाफाळता इंद्रायणी भात. सामिष खाणाऱ्यांना गावठी कोंबडी आधी सांगावी लागते. सकाळच्या नाश्त्याला पोहे मिळतात.

तंबूत राहण्यासाठी संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण आणि नाश्ता धरून माणशी बाराशे रुपये घेतले जातात. स्वतःची गाडी आणणाऱ्यांकडून जागा, वीज, पाणी आणि शौचालयाच्या वापराचे पाचशे रुपये घेतात व जेवण वेगळे धरतात. गाडीचा दर मला रास्त वाटला. तंबूचा दर शनिवारी वाढतो, आणि त्या दिवशी मिळणारी सेवा लक्षात घेता ती वाढ पटत नाही. पावती मागितल्यावर मिळते, न मागता मिळत नाही. पाण्यात उतरण्यास येथे बंदी आहे व ती पाळली जाते. काही पाहुणे त्यावरून नाराज होतात, परंतु गाळाच्या काठावर पाय रुतून बुडण्याच्या घटना धरणांवर वारंवार घडतात, हे लक्षात घेऊन मालकाने या बाबतीत कोणाचेही ऐकू नये.

दसऱ्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ येथे जाण्यास उत्तम आहे. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी तंबूऐवजी गाडी किंवा मालकाच्या घराशेजारच्या दोन पक्क्या खोल्यांपैकी एक घ्यावी, कारण तंबूत जमिनीवरच्या गादीवरून उठणे त्रासाचे होते. पावसाळ्यात तळ बंद असतो आणि तो तसा बंद ठेवणेच योग्य आहे. दूरध्वनीवर चौकशी करताना शोषखड्ड्याविषयी आणि सांडपाण्याच्या चराविषयी मालकाला अवश्य विचारावे. चर वळवण्याचे काम यंदाच्या पावसाआधी करीन असे त्याने मला सांगितले आहे, आणि पाहुण्यांनी विचारत राहिले तर ते लवकर होईल. कॅम्परव्हॅन नेणाऱ्यांनी मुरमाची जागा आदल्या दिवशीच राखून ठेवण्यास सांगावे, कारण तशा जागा थोड्याच आहेत आणि उरलेल्या जमिनीवर अवकाळी पावसाची एक सर आली तरी चाक रुतते.